एसजीपीटी खाली आलं म्हणजे आजार कमी झाला का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच दुरुस्त करता येईल. मुलगी ३ वर्षांची आहे. जन्मापासून पित्तनलिका बंद असण्याचा आजार, म्हणजे बिलिअरी अट्रेझिया. ६५ दिवसांची असताना कसाई शस्त्रक्रिया (पित्ताला वाट करून देणारी, जपानी सर्जनच्या नावाने ओळखली जाणारी) झाली आणि कावीळ बऱ्यापैकी उतरली. ८ महिन्यांपूर्वीचा आणि आत्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवला तर यकृताच्या पेशींतली दोन एन्झाइम्स, एसजीपीटी २१० वरून ६८ वर आणि एसजीओटी १८० वरून ९६ वर आलं आहे. त्याच काळात एकूण बिलिरुबिन (काविळीचं पिवळं रंगद्रव्य) १.८ वरून ३.४ वर, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन) ३.७ वरून ३.१ वर, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.२ वरून १.५ वर आणि प्लेटलेट १ लाख ४८ हजारांवरून ९२ हजारांवर गेल्या आहेत. वजन १०.२ किलो होतं, आता १०.५ किलो. घरातले म्हणतात, एसजीपीटी उतरलं म्हणजे औषध लागू पडलं. तुम्हाला मात्र मुलगी पूर्वीपेक्षा दमलेली वाटते. मग विश्वास कोणत्या आकड्यावर ठेवायचा?

तुमची शंका रास्त आहे. या आकड्यांवरून आजार पुढे सरकलेला दिसतो, आणि एसजीपीटी उतरणं ही त्यात दिलासा देणारी गोष्ट नाही. पण किती पुढे सरकला आहे, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. व्हिटॅमिन के नियमित चालू आहे का, आणि तोंडाने की इंजेक्शनने? गेल्या महिना-दोन महिन्यांत ताप येऊन गेला का, शौचाचा रंग फिका झाला होता का? मध्ये कधी अल्ब्युमिन किंवा प्लाझ्मा शिरेतून दिला होता का? दोन्ही रिपोर्ट एकाच प्रयोगशाळेतले आहेत का? या प्रत्येक उत्तराने एकेका आकड्याचा अर्थ बदलतो. कसा बदलतो ते खाली सांगतो.

आधी एसजीपीटी आणि एसजीओटीचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला आहे. ही दोन्ही एन्झाइम्स यकृताच्या पेशींच्या आत असतात. पेशी दुखावली की ती रक्तात गळतात. म्हणजे सध्या किती पेशी दुखावल्या जात आहेत, एवढंच या आकड्यांवरून कळतं. यकृत किती शिल्लक आहे आणि किती काम करतंय, याबद्दल ते काही सांगत नाहीत. गळक्या रांजणातून पाणी झिरपायचं कमी झालं, तर भोक बुजलं असेल किंवा रांजणच रिकामा होत आला असेल. कोणती शक्यता खरी, हे रांजणात डोकावल्याशिवाय कळत नाही. इथे डोकावणं म्हणजे बिलिरुबिन, आयएनआर आणि अल्ब्युमिन बघणं. एन्झाइम्स उतरत आहेत आणि त्याच वेळी हे तिन्ही सुधारत आहेत, तर ती खरी सुधारणा. एन्झाइम्स उतरत आहेत आणि हे तिन्ही बिघडत आहेत, तर गळायला पेशीच कमी उरल्या आहेत असं समजून मी वागतो. अचानक यकृत निकामी होणाऱ्या मुलांमध्ये हे चित्र काही दिवसांत दिसतं, जुनाट आजारात काही महिन्यांत.

दोघांचं एकमेकांशी प्रमाणही पाहण्यासारखं आहे. तुमच्या मुलीचं एसजीओटी पूर्वी एसजीपीटीपेक्षा कमी होतं, आता जास्त आहे. यकृतात व्रण वाढत जाऊन ते कडक होत गेलं की असा उलटा क्रम बऱ्याचदा दिसतो. मात्र एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. लहान मुलांत एसजीओटी मुळातच थोडं जास्त असू शकतं, आणि ते स्नायूंतून व लाल पेशींतूनही येतं. रडणाऱ्या मुलाचं रक्त ओढून काढताना लाल पेशी फुटल्या तरी एसजीओटी आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसतात. रिपोर्टच्या तळाशी नमुना हिमोलाइझ झाल्याची नोंद असेल तर ती आधी वाचा.

आता बिलिरुबिन. बिलिअरी अट्रेझियात पित्त वाहतंय की अडलंय, हे सांगणारा हा मुख्य आकडा. कसाईनंतर ३ महिन्यांच्या आत एकूण बिलिरुबिन २ मिलीग्रॅमच्या खाली आलं, तर स्वतःच्या यकृतावर पुढची वर्षं काढण्याची शक्यता बरीच चांगली असते. ३ महिन्यांनंतरही ते ६ च्या वर राहिलं तर प्रत्यारोपणासाठी लगेच तपासणी सुरू करायची, आणि २ ते ६ च्या मध्ये रेंगाळलं तरी तसा विचार करायचा, अशी पद्धत आहे. तुमची मुलगी या २ ते ६ च्या पट्ट्यात नव्याने आली आहे. १.८ वरून ३.४ ही वाढ आकड्यात लहान दिसते, पण एकदा उतरलेलं बिलिरुबिन पुन्हा चढतंय, ही गोष्ट मला आकड्याच्या मोठेपणापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

तरीही चढलेलं बिलिरुबिन पाहून मी पहिला विचार यकृत संपत आल्याचा करत नाही. पहिला विचार पित्तनलिकांच्या संसर्गाचा, म्हणजे कोलँजायटिसचा करतो. कसाई शस्त्रक्रियेत आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडलेला असतो, त्यामुळे जंतू वर चढायला वाट मोकळी असते. ताप, फिकी शौच, वाढलेलं बिलिरुबिन, वाढलेलं जीजीटी (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) आणि सीआरपी (संसर्गात वाढणारं प्रथिन) हे एकत्र आलं तर शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि बिलिरुबिन परत खाली येऊ शकतं. इथे एक बारकावा सुटतो. प्लीहा, म्हणजे पांथरी, वाढलेल्या मुलांत पांढऱ्या पेशी आधीच कमी असतात. नेहमी ३,५०० असणाऱ्या मुलीच्या पांढऱ्या पेशी ९,००० आल्या, तर कागदावर त्या नॉर्मल छापून येतात, पण तिच्यासाठी ती अडीचपट वाढ असते. म्हणून तिचा नेहमीचा आकडा काय, हे माहीत असायलाच हवं.

बिलिरुबिनबद्दल आणखी एक. संसर्ग आटोक्यात आला, शौचाला रंग आला, तरी थेट बिलिरुबिन (यकृताने प्रक्रिया केलेला त्याचा भाग) हळूहळूच उतरतं. पित्त बरेच दिवस अडलेलं असलं की बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला पक्का चिकटतो. त्याला डेल्टा बिलिरुबिन म्हणतात. तो लघवीतून जात नाही. अल्ब्युमिन जितके दिवस रक्तात टिकतं तितके दिवस तो टिकतो, आणि अल्ब्युमिनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, साधारण २० दिवसांचं आहे. त्यामुळे उपचार सुरू करून पाचव्या दिवशी बिलिरुबिन तेवढंच आहे म्हणून उपचार फसला असं ठरवू नये. ताप, शौचाचा रंग आणि सीआरपी त्या काळात जास्त खरं बोलतात.

सगळ्यात जास्त गैरसमज आयएनआरच्या बाबतीत होतो, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये पहिला प्रश्न मी त्यालाच विचारेन. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत बनवतं. त्यातला सातवा घटक रक्तात जेमतेम ४ ते ६ तासांच्या अर्धायुष्याचा. म्हणून यकृताचं उत्पादन घटलं की आयएनआर लवकर वाढतो, अल्ब्युमिनसारखे आठवडे लावत नाही. हे त्याचं बळ. पण दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं, ते चरबीत विरघळणारं आहे आणि आतड्यातून शोषलं जायला पित्त लागतं. पित्त कमी उतरणाऱ्या मुलीत यकृत अजून धडधाकट असतानाही आयएनआर १.५ येऊ शकतो, केवळ के कमी पडलं म्हणून. तोंडाने रोज थेंब चालू असले तरी ते पुरेसे शोषले जात असतील याची खात्री नसते. त्यात मोठं अँटिबायोटिक चालू असेल तर आतड्यातले के बनवणारे जंतूही कमी होतात.

ही गाठ सोडवणं अवघड नाही. डॉक्टर व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश देतात. ६ ते १२ तासांत फरक दिसू लागतो आणि २४ तासांनी आयएनआर पुन्हा पाहतात. १.५ चा १.२ झाला तर कमतरता के ची होती. मग डोस आणि मार्ग बदलायचा. जवळपास हललाच नाही, तर यकृतच घटक बनवायला कमी पडतंय. के दिल्याशिवाय काढलेला आयएनआर मी तीव्रता मोजायला वापरत नाही. आणखी खात्री हवी असेल तर पाचवा घटक मोजतात. तोही यकृतात बनतो, पण त्याला के लागत नाही. आठवा घटक मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बनतो, त्यामुळे पाचवा कमी आणि आठवा नॉर्मल किंवा जास्त असेल तर दोष यकृताचा. दोन्ही कमी असतील तर गोठण्याचे घटक सगळीकडे खर्ची पडत आहेत, म्हणजे बहुधा मोठा संसर्ग आहे.

आयएनआरच्या नळीतही चूक होते. निळ्या बुचाच्या नळीत सोडियम सायट्रेट असतं आणि रक्त ९ भाग, सायट्रेट १ भाग असं प्रमाण ठरलेलं असतं. लहान मुलाचं रक्त अपुरं आलं आणि नळी रेषेपर्यंत भरली नाही, तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढतो. मुलाला काहीच लक्षण नाही आणि आकडा एकदम उडाला आहे, तर आधी नमुना पुन्हा घ्यावा. तसंच, रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्मा देऊ नये. त्याने पुढचे काही तास यकृताचं खरं चित्र झाकलं जातं. शिवाय वाढलेला आयएनआर म्हणजे रक्त पातळ झालं असा सरळ हिशेब जुनाट यकृतविकारात चालत नाही. गोठू न देणारे घटकही यकृतच बनवतं आणि तेही तेवढेच घटलेले असतात.

अल्ब्युमिन संथ आकडा आहे. आज घसरलेलं अल्ब्युमिन गेल्या महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट सांगतं. ३.५ च्या खाली गेलं की मी लक्ष ठेवतो, २.८ च्या खाली गेलं की पोटात पाणी साठण्याची तयारी धरून चालतो. ते यकृताखेरीज इतर कारणांनीही पडतं. संसर्गात यकृत अल्ब्युमिन बनवणं मुद्दाम कमी करतं, लघवीतून किंवा आतड्यातून प्रथिनं जाऊ शकतात, आणि पोटात पाणी साठलं असेल तर पातळ होऊनही आकडा कमी दिसतो. उलट बाजूने, मध्ये अल्ब्युमिन शिरेतून दिलं असेल तर पुढचे काही दिवस वाढलेला आकडा मुलीचा नसून बाटलीचा असतो. तारीख लिहून ठेवा.

आता दुसरा गट. वर सांगितलेले आकडे यकृताच्या कामाबद्दल होते. प्लेटलेट मात्र दाबाबद्दल सांगतात. यकृत कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त त्यातून सहज जात नाही, पोर्टल शिरेतला दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. म्हणून दीड लाखाच्या खाली सातत्याने उतरत जाणाऱ्या प्लेटलेट आणि हाताला लागणारी प्लीहा ही जोडी दिसली की अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील असं धरून पुढची तपासणी ठरवतात. १ लाख ४८ हजारांवरून ९२ हजार हा उतार स्पष्ट आहे. प्लेटलेट कमी झाल्या म्हणून रक्त वाहील अशी भीती इतक्या आकड्याला नको. धोका फुटू शकणाऱ्या शिरांचा आहे आणि तो दाबामुळे आहे. प्लेटलेट फक्त त्याची खूण आहेत. इथेही दोन सापळे आहेत. संसर्गात किंवा लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट वाढतात आणि खोटा दिलासा देतात. आणि कधी कधी जांभळ्या बुचाच्या नळीत प्लेटलेटचे गठ्ठे होऊन यंत्र त्या कमी मोजतं. काचपट्टीवर पाहून खात्री होते.

इथपर्यंतचा धागा एका दमात: एन्झाइम्स इजा सांगतात, बिलिरुबिन पित्ताची वाट सांगतं, आयएनआर आणि अल्ब्युमिन कारखान्याचं उत्पादन सांगतात, प्लेटलेट दाब सांगतात. तुमच्या मुलीत पहिली गोष्ट उतरली आहे आणि बाकी सगळ्या बिघडल्या आहेत.

हे आकडे एकत्र करणारी सूत्रंही आहेत, आणि ती किती मदत करतात व कुठे फसवतात हे तुमच्याच आकड्यांवर दाखवता येतं. एप्री नावाचं सूत्र यकृतातल्या व्रणाचा अंदाज देतं. एसजीओटीला प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेने भागायचं, १०० ने गुणायचं आणि हजारांत मोजलेल्या प्लेटलेटनी भागायचं. वरची मर्यादा ४० धरली तर ८ महिन्यांपूर्वी १८० भागिले ४०, गुणिले १००, भागिले १४८, म्हणजे सुमारे ३.०. आत्ता ९६ भागिले ४०, गुणिले १००, भागिले ९२, म्हणजे सुमारे २.६. एप्री कमी झालं! आजार पुढे गेला असताना सूत्र सुधारणा दाखवतंय, कारण एसजीओटीची घट प्लेटलेटच्या घटीपेक्षा मोठी आहे. म्हणून एप्रीचा एखादा आकडा निदानाच्या वेळी उपयोगी पडतो, पण एकाच मुलाचा पाठपुरावा करायला मी तो वापरत नाही. व्रणाचंच दुसरं सूत्र फिब-४ तर मुलांत वापरूच नये. त्यात वयाने गुणायचं असतं आणि ते प्रौढांसाठी बनवलेलं आहे. ३ वर्षांच्या मुलीचं उत्तर जवळजवळ नेहमीच छान दिसणार.

तीव्रतेसाठी मुलांचं खरं सूत्र पेल्ड. १२ वर्षांखालील मुलांना प्रत्यारोपणाच्या यादीत क्रम देण्यासाठी अमेरिकेत २००२ पासून ते वापरात आलं. १२ वर्षांपासून पुढे मेल्ड हे मोठ्यांचं सूत्र वापरतात. मूळ पेल्डमध्ये बिलिरुबिनचा नैसर्गिक लॉगरिदम ४.८० ने गुणायचा, आयएनआरचा १८.५७ ने गुणायचा, दोन्हींची बेरीज करून अल्ब्युमिनच्या लॉगरिदमची ६.८७ पट वजा करायची. वय १ वर्षाखाली असेल तर ४.३६ मिळवायचे, आणि वाढ खुंटली असेल, म्हणजे वजन किंवा उंची सरासरीपासून २ प्रमाण विचलनांहून खाली असेल, तर ६.६७ मिळवायचे. २०२३ मध्ये तिथे हे सूत्र बदलून त्यात क्रिएटिनिनही आणलं गेलं, त्यामुळे नव्या गणकयंत्रात आकडा वेगळा येईल. दोन तारखांची तुलना करताना दोन्ही वेळा एकच सूत्र वापरा.

मूळ सूत्राने तुमच्या मुलीचा ८ महिन्यांपूर्वीचा पेल्ड साधारण उणे ३ होता. आत्ता प्रयोगशाळेच्या आकड्यांवर तो ५.६ येतो. त्यात वजनाचा भाग मिळवायचा. ३ वर्षांच्या मुलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात २ प्रमाण विचलनांची रेषा १०.८ किलोवर आहे, ती १०.५ वर आहे, म्हणून ६.६७ मिळवले की १२.३. म्हणजे उणे ३ वरून १२. आता समजा व्हिटॅमिन के दिल्यावर आयएनआर १.२ वर आला, तर तोच पेल्ड ८.२ होतो. एका इंजेक्शनने चार गुणांचा फरक पडतो, म्हणून आधी के आणि मग हिशेब. आणि हेही लक्षात घ्या की शिल्लक गुणांपैकी बहुतेक वजनाचे आहेत. ८ महिन्यांत ३०० ग्रॅम ही वाढ रक्ताच्या कुठल्याही तपासणीइतकीच गंभीर खूण आहे. त्यातही पोटात पाणी किंवा मोठी झालेली प्लीहा असेल तर काटा खरं वजन सांगत नाही, म्हणून दंडाचा घेर मोजून ठेवावा.

आजार कोणता यावर आकड्यांचं वजन बदलतं. हे उत्तर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी सांगतो. अलाजिल सिंड्रोममध्ये (यकृतातल्या पित्तनलिका कमी असण्याचा आनुवंशिक आजार) बिलिरुबिन आणि कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं असूनही यकृत बराच काळ आपलं काम करत राहू शकतं. तिथे नुसत्या बिलिरुबिनवरून घाबरू नये. तिथलं चढं कोलेस्टेरॉल उपचाराविना उतरायला लागलं तर मात्र सावध व्हावं, कारण तेही यकृतच बनवतं. पित्त बाहेर टाकणाऱ्या पंपाचा दोष असलेल्या काही आनुवंशिक आजारांत जीजीटी नॉर्मल असतं आणि पित्ताम्लं प्रचंड वाढलेली असतात. तिथे पाठपुराव्याचा मुख्य आकडा रक्तातली पित्ताम्लं. ती उपाशीपोटी काढावीत, आणि अर्सोडीऑक्सीकोलिक आम्ल (औषध म्हणून दिलं जाणारं पित्ताम्ल) चालू असेल तर नेहमीच्या पद्धतीत तेही त्यात मोजलं जातं, हे डॉक्टरांना माहीत असू द्यावं. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती यकृतावरच उलटते तो आजार) मात्र एन्झाइम्सना मान आहे. तिथे एसजीपीटी आणि आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं) दोन्ही नॉर्मल होणं हेच उपचाराचं ध्येय. विल्सन आजारात (शरीरात तांबं साठण्याचा आजार) यकृत निकामी होताना बिलिरुबिन, आयएनआर, एसजीओटी, पांढऱ्या पेशी आणि अल्ब्युमिन यांचा वेगळा निर्देशांक आहे. ११ किंवा त्याहून जास्त गुण आले तर औषधांवर वाट पाहणं धोक्याचं ठरतं.

उरलेल्या तपासण्यांपैकी सोडियम आणि क्रिएटिनिन मला नेहमी हवेत. पोटात पाणी असलेल्या मुलात सोडियम १३० च्या खाली जाणं हे वाईट लक्षण आहे, अर्थात लघवी वाढवणाऱ्या औषधांनीही ते उतरतं. कोलेस्टेरॉल फारच जास्त असेल तर काही यंत्रं सोडियम खोटंच कमी दाखवतात. रक्तातल्या वायूंची तपासणी करणाऱ्या यंत्रावर ते पुन्हा पाहिलं की खरा आकडा कळतो. क्रिएटिनिनच्या बाबतीत प्रौढांची मर्यादा छापलेली असते आणि तिथेच चूक होते. ३ वर्षांच्या, त्यात कृश मुलीचं क्रिएटिनिन ०.३ च्या आसपास असायला हवं. ते ०.६ झालं तर कागदावर नॉर्मल दिसेल, पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता जवळपास निम्मी झालेली असेल. स्नायू फारच कमी असतील तर सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्ततपासणी जास्त भरवशाची.

अमोनियाबद्दल पालक फार विचारतात. हातावर घट्ट पट्टा बांधून, रडत असताना, मुठी आवळत असताना घेतलेला आणि तासभर टेबलावर पडून राहिलेला नमुना काही कामाचा नाही. तो बर्फात ठेवून लगेच, शक्यतो १५ मिनिटांत, प्रयोगशाळेत फिरवावा लागतो. आणि एवढं करूनही जुनाट आजारात अमोनिया आणि मुलाचा गुंगावलेपणा यांचा मेळ नीट बसत नाही. मुलगी दिवसा झोपते, रात्री जागते, चिडचिडी झाली आहे, शिकलेलं विसरते आहे, तर अमोनिया नॉर्मल आला तरी डॉक्टरांना सांगा. जीजीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज यांवरून तीव्रता ठरवू नका. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या हाडांतूनही येतं, आणि ते फार वाढलं असेल तर व्हिटॅमिन डी आणि मुडदूस याकडे बघावं. व्हिटॅमिन ई ची पातळी रक्तातल्या एकूण चरबीच्या प्रमाणात वाचावी लागते, कारण चरबी वाढली की ई खोटंच पुरेसं दिसतं.

एक गोष्ट वरच्या रक्ततपासण्यांत अजिबात दिसत नाही. यकृताच्या आजारामुळे फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऑक्सिजन कमी पडतो. सगळे आकडे बरे असताना हे होऊ शकतं आणि प्रत्यारोपणाचं ते स्वतंत्र कारण आहे. म्हणून प्रत्येक भेटीत मूल बसलेलं किंवा उभं असताना बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहावं. ९६ टक्क्यांच्या खाली वारंवार येत असेल तर पुढची तपासणी हवी. झोपवून मोजलं तर आकडा चांगला दिसू शकतो, कारण हा त्रास उभं राहिल्यावर वाढतो.

तपासण्या किती वेळा कराव्यात? मूल स्थिर असेल तर साधारण ३ महिन्यांनी, आकडे हलू लागले तर २ ते ४ आठवड्यांनी, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. रोज रक्त काढून काही साधत नाही, उलट लहान बाळांत त्यानेच रक्त कमी होतं. ४ किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ३२० मिलिलिटर रक्त असतं. एका वेळी त्याच्या १ टक्क्याहून, म्हणजे ३ मिलिलिटरहून जास्त काढू नये, आणि ४ आठवड्यांत मिळून ३ टक्क्यांच्या आत राहावं, हा हिशेब मी पाळतो. लहान मुलांच्या छोट्या नळ्या मागून घ्या.

तुमच्या मुलीसाठी मी हा रिपोर्ट पाहून काय करेन ते क्रमाने सांगतो. या आठवड्यात तिच्या डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा, आणि वजन-उंचीच्या जुन्या नोंदीही न्या. ताप असेल किंवा शौच फिकी झाली असेल तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी न्या. त्या भेटीत सीआरपी, जीजीटी, पूर्ण रक्तगणना, सोडियम, क्रिएटिनिन आणि शिरेतून व्हिटॅमिन के देऊन २४ तासांनी आयएनआर, एवढं व्हावं. सोनोग्राफीत पोटातलं पाणी, प्लीहेचा आकार, पोर्टल शिरेतला प्रवाह आणि यकृताच्या आत पित्ताची तळी साठली आहेत का, हे बघायला सांगा. ऑक्सिमीटर लावायला सांगा. फुगलेल्या शिरांसाठी दुर्बीण आत्ता करायची की नाही, हे विचारा. यावर वेगवेगळ्या केंद्रांची पद्धत वेगळी आहे, पण उत्तर काहीही असलं तरी रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर कोणत्या रुग्णालयात जायचं, हे आधीच ठरलेलं हवं. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घरात तिच्यासाठी वापरू नका.

आणि प्रत्यारोपण केंद्राशी पहिली भेट आत्ताच ठरवा, आयएनआर के दिल्यावर १.२ झाला तरीही. त्या भेटीचा अर्थ उद्या शस्त्रक्रिया असा नसतो. तिथे आहारतज्ज्ञ तिचं वजन वाढवण्याची योजना आखतात, गरज पडली तर नाकातल्या नळीने रात्रभर आहार सुरू करतात, राहिलेल्या लसी पूर्ण करून घेतात, आणि घरातून यकृताचा भाग देऊ शकणाऱ्यांची तपासणी सुरू होते. या सगळ्याला काही आठवडे ते महिने लागतात. के दिल्यावरही आयएनआर १.५ च्या आसपासच राहिला, किंवा संसर्गाचा उपचार होऊनही पुढच्या ४ ते ६ आठवड्यांत बिलिरुबिन चढतच गेलं, तर ते आठवडे आधीच हाताशी असलेले बरे. २४ तासांनंतरचा आयएनआर आला की तो आणि शौचाचा रंग इथे लिहा, पुढचं त्यावरून बोलू.